नॅनोचांदी : एका विशेषणाची चिकित्सा

गेल्या वर्षी वसुबारसेच्या आदल्या दिवशी मावशीने चांदीची भांडी घासायला काढली होती. निरांजन, अत्तरदाणी, माझ्या मुंजीतली वाटी. वर्षभर कपाटात राहून सगळी काळवंडलेली. मी मदतीला बसलो होतो. हात चालू ठेवतच ती म्हणाली, "अरे, ते चांदीचं पाणी मी बंद केलंय. डॉक्टर रागावले. पण मला एक सांग, नऊ महिने मी प्यायले ते होतं तरी काय?"

चांदीचे पाणी म्हणजे बाटलीतून विकले जाणारे, फिकट पिवळ्या रंगाचे, 'नॅनो' असा शिक्का मारलेले एक द्रावण. रोज सकाळी दोन चमचे घ्यायचे. प्रतिकारशक्ती वाढते, अपाय काही नाही, सारे काही नैसर्गिक, असे वेष्टनावर छापलेले. मावशीला त्यापासून काही झालेले दिसले नाही. पण ती बाटली तिने आणली होती माझा लेख वाचून.

तो लेख बारा वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात आला होता. घरी येऊन मी तो काढला आणि परक्याचा असावा तसा वाचला. माहिती त्या वेळच्या शोधनिबंधांतून घेतलेली होती आणि तिच्यात ढळढळीत चूक सापडली नाही. चूक होती एका वाक्यात, आणि तीही विशेषणांपुरती. 'वनस्पतीच्या अर्कापासून हरित पद्धतीने तयार झालेले हे चांदीचे कण जंतूंना घातक, पण माणसाला सुरक्षित आहेत,' असे मी लिहिले होते. मावशीने आपल्या प्रतीत या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आहे, हे मला नंतर कळले.

प्रस्तुत निबंध ही त्या वाक्याची समीक्षा आहे. ते माझ्या एकट्याचे नाही. शोधनिबंधांचे सारांश, वृत्तपत्रांच्या विज्ञान पुरवण्या, जलशुद्धीकरण यंत्रांच्या आणि मोज्यांच्या जाहिराती या सगळ्यांत ते थोड्याफार फरकाने भेटते. त्याच्या उलट टोकाला दुसरे एक वाक्य आहे : 'नॅनोकण विषारी असतात.' माझे म्हणणे असे की, ही दोन्ही वाक्ये एकाच दोषाने अपुरी आहेत. विषारीपणा हा कणाच्या अंगचा, रंगासारखा चिकटलेला गुण नाही. विषबाधा ही एक घटना आहे, आणि घटनेला कर्ता लागतो तसे अधिकरणही लागते. शाळेत शिकलेल्या कारकांपैकी हे शेवटचे, क्रिया कुठे आणि केव्हा घडली ते सांगणारे. आपल्या नॅनोलेखनातून नेमके तेच गळून पडलेले आहे.

शब्दाआधीचे कण

'नॅनोतंत्रज्ञान' हा शब्द जपानी अभियंते नोरिओ तानिगुची यांनी १९७४ साली वापरला. चांदीचे अतिसूक्ष्म कण मात्र त्याच्या कितीतरी आधीचे आहेत. फिलाडेल्फियाचे केरी ली यांनी १८८९ साली सायट्रेटच्या साहाय्याने चांदीचे कलिल द्रावण तयार करण्याची रीत प्रसिद्ध केली. १८९७ पासून 'कोलारगॉल' या नावाने कलिल चांदी औषध म्हणून विकलीही जाऊ लागली. तेव्हा तिला कोणी नॅनो म्हणत नव्हते. म्हणजे 'नवे तंत्रज्ञान' या पहिल्याच दाव्याला जुन्या बाटल्यांचा पुरावा आडवा येतो.

त्या बाटल्यांचा अनुभवही उपलब्ध आहे. चांदीचे क्षार किंवा कलिल दीर्घकाळ पोटात गेल्यास ती चांदी त्वचेत साचते आणि कातडी राखाडी-निळसर होते. वैद्यकात याला 'अर्जिरिया' म्हणतात. हा रंग सहसा जात नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ साली नियम केला, की चिठ्ठीविना विकल्या जाणाऱ्या, कलिल चांदी असलेल्या औषधांना सुरक्षित वा परिणामकारक मानता येणार नाही. माझा लेख छापून आला त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. मी ती वाचलेली नव्हती, कारण मी 'नॅनो' या शब्दाखाली शोधत होतो आणि ती 'कलिल' या शब्दाखाली होती.

मग नॅनो म्हटल्याने वेगळे काय होते? एक साधे गणित करू. एक सेंटिमीटर बाजू असलेला चांदीचा घन घ्या. वजन साडेदहा ग्रॅम, म्हणजे तोळ्याहून थोडे कमी. त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर, टपालाच्या तिकिटाएवढा. आता त्याचे दहा-दहा नॅनोमीटर बाजूचे घन करत गेलो, तर एकावर अठरा शून्ये इतके तुकडे होतील आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग भरेल ६०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास सहा गुंठे. चांदी तेवढीच, हवापाण्याला सामोरी जाणारी जागा मात्र तिकिटावरून सहा गुंठ्यांवर गेली. धातूवरच्या रासायनिक क्रिया पृष्ठभागावरच घडतात. म्हणून निरांजनातली चांदी पिढ्यान्पिढ्या तशीच राहते, आणि कणांतली चांदी पाण्यात झपाट्याने आयन सोडू लागते. मात्रा किती, हे ग्रॅममध्ये सांगायचे, कणांच्या संख्येत की पृष्ठभागात, हा प्रश्न इथेच उभा राहतो. 'विष मात्रेत असते' हे जुने सूत्र खोटे ठरत नाही, पण ती मात्रा कशाने मोजायची हे आधी ठरवावे लागते.

'हरित' कोण?

माझ्या वाक्यातले दुसरे विशेषण 'हरित'. या शब्दाचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कडुनिंबाच्या पानांच्या काढ्याने सोन्याचे आणि चांदीचे नॅनोकण तयार केले. त्यांचा निबंध २००४ साली प्रसिद्ध झाला. तीव्र रसायनांऐवजी पानातली द्रव्येच धातूच्या आयनांचे क्षपण करतात आणि झालेल्या कणांना वेढून स्थिरही ठेवतात, हे त्यात दाखवले होते. निबंधाचा विषय कण कसे घडतात हा होता. पुढे या वाटेने अक्षरशः दाटी झाली. तुळस, हळद, कोरफड, आवळा. ज्याच्या परसात जे झाड, त्याच्या पानांचा अर्क आणि सिल्व्हर नायट्रेट. महाराष्ट्रातल्या अनेक विद्यापीठांत हे प्रयोग झाले. साध्या उपकरणांत होणारे, विद्यार्थ्यांना हुरूप देणारे हे काम आहे, आणि त्याची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही.

आक्षेप आहे तो विशेषणाच्या स्थलांतराला. 'हरित' हे कृतीचे विशेषण होते. लिहिता लिहिता ते कणाचे झाले, आणि जाहिरातीपर्यंत पोहोचता पोहोचता 'निरुपद्रवी' या अर्थाचे झाले. कडुनिंबाच्या काढ्यात घडलेली चांदी ही चांदीच असते. तिच्याभोवती पानातल्या द्रव्यांचे आवरण असेल, त्याने तिची वागणूक बदलेल, कदाचित सौम्यही होईल. पण ते तपासून सांगायला हवे, नावावरून ठरवता येणार नाही.

या प्रकारच्या निबंधांत एक छायाचित्र हमखास असते : जंतूंनी भरलेली बशी आणि मध्ये नॅनोकणांच्या ठिपक्याभोवती स्वच्छ वर्तुळ. वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये दिलेला. हे वर्तुळ कशाने झाले, हा समीक्षकाचा प्रश्न. कणांनी, द्रावणात शिल्लक राहिलेल्या चांदीच्या आयनांनी, की पानाच्या अर्कानेच? त्यासाठी शेजारी नुसत्या अर्काचा, नुसत्या सिल्व्हर नायट्रेटचा आणि कण गाळून उरलेल्या पाण्याचा ठिपका हवा. जिथे हे तिन्ही असतात तो निबंध वाचावा. जिथे नसतात तिथे ते वर्तुळ म्हणजे नुसती सजावट आहे.

मारतो कोण?

आता मुख्य प्रश्न. चांदीचा कण जिवंत पेशीला इजा करतो म्हणजे काय करतो?

२००८ साली स्वित्झर्लंडमधल्या एनरिक नवारो आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्यातल्या एका एकपेशीय शैवालावर चांदीच्या नॅनोकणांचा परिणाम पाहिला. शैवालाचे प्रकाशसंश्लेषण मंदावले. मग त्यांनी पाण्यात सिस्टीन घातले. गंधक असलेले हे अमिनो आम्ल चांदीच्या आयनांना घट्ट धरून ठेवते. ते घालताच परिणाम नाहीसा झाला. कण होते तिथेच होते. पण त्यांच्यापासून सुटणारे आयन बांधले गेले होते.

२०१२ साली अमेरिकेतल्या राईस विद्यापीठात पेद्रो आल्वारेझ यांच्या गटाने याहून निर्णायक प्रयोग केला. चांदीपासून आयन सुटायला तिचे ऑक्सिडीकरण व्हावे लागते आणि त्यासाठी प्राणवायू लागतो. त्यांनी प्राणवायू पूर्ण वगळून इ. कोलाय जंतूंवर तेच कण सोडले. जंतूंना काही झाले नाही. तोच कण, तीच मात्रा, तोच जंतू. केवळ जागेत प्राणवायू नव्हता. 'चांदीचे नॅनोकण जंतुनाशक असतात' या वाक्यातले 'असतात' हे क्रियापद इतके नाजूक आहे.

मग कण निमित्तमात्र आणि आयनच खरे दोषी, असे म्हणून मोकळे व्हावे का? तेही पुरे नाही. आपल्या शरीरातल्या पेशी कणांना गिळतात. गिळलेला कण लायसोसोम नावाच्या आम्लधर्मी पिशवीत जातो, आणि तिथे आम्लात तो विरघळू लागतो. बाहेरून आयन आले असते तर पेशीने त्यांना बऱ्याच अंशी दारातच अडवले असते. कणाच्या रूपाने ते थेट माजघरात पोहोचतात. संशोधक याला ट्रोजनच्या घोड्याची उपमा देतात. मराठी वाचकाला लग्नाच्या वऱ्हाडातून पुण्यात शिरलेल्या मावळ्यांची, लाल महालाची गोष्ट आठवेल. वेशीवर ते वऱ्हाडी असतात. आत गेल्यावर काय ते ठरते. आत सुटलेले आयन प्रथिनांतल्या गंधकाला चिकटतात, पेशीत क्रियाशील ऑक्सिजनयुक्त रेणू वाढतात, तंतुकणिकांचे काम बिघडते. सिंगापूरमध्ये आशाराणी आणि सहकाऱ्यांनी २००९ साली मानवी फुप्फुसातल्या पेशींवर केलेल्या प्रयोगांत हे कण तंतुकणिकांपर्यंत आणि केंद्रकापर्यंत पोहोचलेले दिसले, आणि डीएनएला इजा झालेलीही दिसली.

सोन्याची तऱ्हा आणखी निराळी. जर्मनीतल्या आखेन येथील संशोधकांनी २००७ साली दाखवले, की १.४ नॅनोमीटरचे सोन्याचे कण पेशींना मारतात. १५ नॅनोमीटरचे कण कितीतरी पट अधिक मात्रेतही मारत नाहीत. दोन्ही सोनेच, दोन्ही नॅनोच. तेव्हा 'सोन्याचे नॅनोकण सुरक्षित' हे वाक्य कोणत्या सोन्याविषयी आहे?

चोवीस तास आणि नऊ महिने

माझ्या जुन्या वाक्यातला 'माणसाला सुरक्षित' हा भाग मी ज्या निबंधांवरून लिहिला, ते मी पुन्हा वाचले. 'माणूस' म्हणजे त्यांत प्लास्टिकच्या खाचांत वाढवलेल्या एका प्रकारच्या पेशी होत्या. 'सुरक्षित' म्हणजे चोवीस तासांनंतर त्यांतल्या बहुतेक जिवंत होत्या. जिवंत आहेत हे ठरवले होते रंगाच्या चाचणीने : जिवंत पेशी एका पिवळ्या रसायनाचे जांभळे करतात, आणि किती जांभळे झाले ते प्रकाश टाकून मोजायचे. अडचण अशी की धातूचे नॅनोकण स्वतःही प्रकाश शोषतात. चांदीचे द्रावण पिवळे दिसते आणि सोन्याचे लाल, ते त्यामुळेच. शिवाय काही कण त्या रसायनाशी परस्पर क्रियाही करतात. पेशींविना नुसत्या कणांचा रंग आधी मोजला नसेल, तर आकडा पेशींविषयी बोलतो आहे की कणांविषयी, हे कळत नाही.

आणि चाचणी निर्दोष असली तरी ती चोवीस तासांची होती. मावशीने ते नऊ महिने घेतले. निबंधकर्त्यांनी 'चोवीस तासांत, या पेशींवर, या मात्रेपर्यंत' असे लिहिले होते. ते अधिकरण मी गाळले. का, तर वाक्य जड होत होते. संपादनाच्या भाषेत याला आपण 'वाक्य प्रवाही करणे' म्हणतो.

भीतीचे वाक्य

इथवर वाचून कोणी 'म्हणजे नॅनो वाईटच' असे ठरवील, तर तोही अपुरे वाक्यच बोलत असेल. भाजलेल्या जखमेवर चांदीयुक्त मलम किंवा पट्टी आजही लावली जाते. लाइप्झिगचे प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे यांनी १८८० च्या दशकात नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकण्याची पद्धत रूढ केली आणि असंख्य मुलांची दृष्टी वाचली. विष इथे उपयोगी पडले, कारण जागा आणि वेळ ठरलेली होती. भयसूचक निबंधांतही निसर्गात कधी आढळणार नाही इतकी मात्रा वापरून 'विषारी' हा शिक्का मारलेला पुष्कळदा दिसतो.

मोज्यांचे उदाहरण घेऊ. पायाला वास येऊ नये म्हणून चांदी घातलेले मोजे बाजारात आले. अॅरिझोनातल्या ट्रॉय बेन आणि पॉल वेस्टरहॉफ यांनी २००८ साली ते पाण्यात घुसळून पाहिले. काही मोज्यांतली जवळजवळ सगळी चांदी थोड्याच धुण्यांत पाण्यात उतरली. काहींतली टिकून राहिली. ही चांदी गटारातून पुढे जाते. सांडपाण्यात गंधकाची संयुगे मुबलक असतात आणि प्राणवायू कमी. तिथे चांदीचे सल्फाइड होते. ते इतके अविद्राव्य असते, की त्यापासून आयन फारसे सुटत नाहीत. निरांजनावर जो काळा थर चढतो, तोच हा पदार्थ. आपण ज्याला चांदी खराब होणे म्हणतो, त्यानेच पाण्यातल्या जिवांचे बऱ्याच अंशी रक्षण होते.

बऱ्याच अंशी, पूर्ण नव्हे. ड्यूक विद्यापीठाच्या बेंजामिन कोलमन आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चांदीचे नॅनोकण अल्प मात्रेत मिसळलेला मैला-गाळ उघड्यावरच्या मातीच्या वाफ्यांत घातला. एका वनस्पतीची वाढ आणि मातीतल्या सूक्ष्मजीवांचे वस्तुमान सुमारे एक-तृतीयांशाने घटले. शिवाय जंतू काही गप्प बसत नाहीत. १९७५ सालीच बॉस्टनमधल्या एका रुग्णालयात भाजलेल्या रुग्णांच्या कक्षात चांदीला दाद न देणारे साल्मोनेला जंतू सापडले होते. पुढे सायमन सिल्व्हर यांच्या गटाने त्या प्रतिकाराची जनुके उलगडली. वासाच्या मोज्यांसाठी चांदी वाटेल तिथे उधळली, तर जखमेवरच्या चांदीची धार बोथट होऊ शकते. मला ही भीती खरी वाटते, कारण तिच्यात जागा, जीव आणि कारण हे तिन्ही सांगता येते.

पूर्ण वाक्य कसे असते

पूर्ण वाक्याचा एक नमुना कायद्याच्या रुक्ष भाषेत सापडतो. टायटॅनियम डायऑक्साइड हा पांढरा रंग मिठाया, च्युइंग गम, गोळ्यांची आवरणे यांत वापरला जाई. त्यात काही भाग नॅनोकणांचा असतो. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ साली म्हटले, की या कणांमुळे जनुकीय इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही. २०२२ साली युरोपीय संघाने खाद्यपदार्थांत त्याचा वापर बंद केला. तोच पदार्थ नॅनोरूपात उन्हापासून बचावाच्या मलमात मात्र चालतो, ठरावीक प्रमाणापर्यंत. पण फवाऱ्याने श्वासात जाईल अशा रूपात चालत नाही. पोटात नको, त्वचेवर चालेल, फुप्फुसात नको. इथे कणाला एकही विशेषण लावलेले नाही, आणि तरी ग्राहकाला जे हवे ते सगळे कळते.

मराठीत अलीकडे 'भस्मे म्हणजे आपल्या पूर्वजांचे नॅनोतंत्रज्ञान' हे वाक्यही फार फिरते. भस्मांत नॅनो आकाराचे कण सापडले आहेत, हे खरे. रसशास्त्रातल्या कसोट्याही मोलाच्या आहेत : भस्म पाण्यावर तरंगावे, बोटांच्या रेघांत शिरावे, त्याला चकाकी नसावी, आणि ते पुन्हा धातुरूपात येऊ नये. यातली शेवटची, 'अपुनर्भव', मला विशेष वाटते, कारण हा पदार्थ पुढे कोणते रूप घेईल हा प्रश्न तिच्यात आहे. पण या कसोट्या भस्म झाले की नाही ते सांगतात. यकृतात, मूत्रपिंडात ते किती काळ राहते, हे सांगत नाहीत. 'नॅनो' हा शब्द लावल्याने भस्माला प्रतिष्ठा मिळत असेल. उत्तर मिळत नाही.

माझे ते वाक्य मी आता असे लिहीन : 'वनस्पतीच्या अर्कात तयार केलेल्या या चांदीच्या कणांनी प्रयोगशाळेच्या बशीत, प्राणवायूच्या सान्निध्यात, अमुक जंतूंची वाढ थांबवली, त्याच मात्रेत एका प्रकारच्या मानवी पेशी चोवीस तास तगून राहिल्या, माणसाने ते पोटात घेतल्यास काय होईल, हे या प्रयोगाने तपासलेले नाही.' वाक्य लांब आहे, प्रवाही नाही, आणि याच्याखाली कोणी पेन्सिलीने रेघ मारणार नाही. ते वाचून कोणी बाटलीही विकत आणणार नाही.

मावशीला त्या दिवशी मी उत्तर दिले नव्हते. या वर्षी दिले. सांगितले, की त्या पाण्यात चांदीचे बारीक कण होते. किती आणि केवढे ते बाटलीवर छापलेलेच नव्हते. बरीचशी चांदी शरीरातून निघून गेली असेल, थोडी राहिली असेल. आणि पूर्वी तसे पाणी वर्षानुवर्षे पिणाऱ्यांच्या त्वचेत चांदी साचली, ती या भांड्यांसारखीच काळवंडली. मावशीने हातातली वाटी उजेडात धरून पाहिली. म्हणाली, "हे घासून जातं. ते गेलं नसतं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "एवढंच लिहायचं होतंस की त्या लेखात."